वोलोग्दा, 1889: चिंधीचं मोल

नदीवरून गावाकडे

कठडा घट्ट धरा, बोट वळण घेते आहे. साल 1889, नदी सुखोना, आणि रशियन पंचांगात मे महिन्याचे शेवटचे दिवस. हे पंचांग आपल्या कॅलेंडरच्या 12 दिवस मागे चालतं, म्हणजे तुमच्या हिशेबाने जून लागून आठवडा उलटला आहे. रात्रीचे अकरा वाजले तरी आकाशात दुधी उजेड आहे आणि काठावरची बर्चची झाडं एकेक करून मोजता येतात. वोलोग्दा शहरापर्यंत तुम्ही रेल्वेने आलात. तो मार्ग 1872 साली सुरू झाला. उत्तरेला अर्खांगेल्स्कपर्यंत रूळ अजून गेलेले नाहीत. इथून पुढे नदी, आणि नदीचा मार्ग सुटला की घोडागाडी.

याच उन्हाळ्यात, याच नदीवरून, मॉस्को विद्यापीठाचा 22 वर्षांचा एक विद्यार्थी प्रवास करतो आहे. कायदा आणि अर्थशास्त्र हे त्याचे विषय. ईशान्येकडच्या कोमी लोकांचे रूढ कायदे आणि जुन्या श्रद्धांचे अवशेष यांची नोंद करायला एका संस्थेने त्याला पाठवलं आहे. त्याचं नाव वासिली कांदिन्स्की. पुढे तो कायदा सोडून चित्रकार होईल आणि 1913 साली छापलेल्या आठवणींत या प्रवासाबद्दल लिहील: इथल्या शेतकऱ्यांच्या रंगीत, नक्षीदार घरांत पाऊल टाकलं तेव्हा चित्राच्या आत शिरल्यासारखं वाटलं, चित्र समोरून बघायचं नसतं तर त्यात वावरायचं असतं हे तिथे कळलं.

तुम्हीही त्याच घरांत शिरायला आला आहात. पण तुमची नजर भिंतींवर फार वेळ टिकवू नका. तुम्ही आला आहात कापडासाठी, आणि कापडातही त्या तुकड्यांसाठी, ज्यांना आपण सहज चिंधी म्हणतो.

बोटीवर तुमच्या शेजारी व्होल्गाकाठची एक बाई बसली आहे. ईस्टरनंतरच्या सातव्या गुरुवारी, सेमिकच्या दिवशी, तिच्या गावातल्या मुली रानात जातात, असं ती सांगते. जिवंत बर्चच्या फांद्या वळवून त्यांची कडी करतात आणि त्यांना फिती, रुमाल, रंगीत कापडाचे तुकडे बांधतात. त्या कड्यातून दोन मैत्रिणी एकमेकींचं चुंबन घेतात आणि त्यांच्यात बहिणीचं नातं लागतं. रविवारी, त्रोइत्साच्या सणाला, मुली पुन्हा तिथे जाऊन फांद्या सोडवतात आणि पानाफुलांची वेढणी नदीत सोडतात. कुणाचं वेढणं तरंगतं, कुणाचं बुडतं, यावरून लग्नाचा अंदाज बांधला जातो. काही गावांत तर एक बर्च तोडून तिला बाईचे कपडे घालतात, गावभर मिरवतात आणि शेवटी पाण्यात सोपवतात.

यंदा तो रविवार 28 मे रोजी आला आहे. बाई बोलता बोलता पदराआडची एक फीत काढून दाखवते. तळहाताएवढी, लाल, कडा विरलेली. सण झाला, झाड मागे राहिलं, फीत मात्र तिने सोडवून परत आणली. पुढच्या वर्षी ती पुन्हा लागणार आहे.

लाल कोपरा

आता उतरा. ओंडके एकमेकांवर रचून बांधलेलं घर समोर आहे, इथे त्याला इझबा म्हणतात. उत्तरेतलं हे घर लांबलचक असतं. माणसं, गुरं, गवताचा साठा, सगळं एकाच छपराखाली, कारण हिवाळ्यात अंगण ओलांडणंही अवघड होतं. दार ठेंगणं आहे. वाका.

आत आलात की पाव खोली व्यापणारी भट्टी दिसते. तिच्यात स्वयंपाक होतो, तिच्या पाठीवर म्हातारी माणसं झोपतात. भट्टीच्या तिरक्या समोरचा कोपरा देवाचा, हाच लाल कोपरा. तिथे फळीवर मूर्तिचित्रं आहेत, पुढे दिवा, आणि त्या चित्रांवरून दोन्ही बाजूंना लोंबत सोडलेला लांब पांढरा पट्टा. तोच बघायला तुम्ही आलात. जवळ जा, हात मात्र लावू नका.

ते हातमागावरचं जवसाच्या धाग्याचं कापड आहे. मधला भाग कोरा, दोन्ही टोकांना लाल भरतकाम. ताण्याबाण्याचे धागे मोजून घातलेला हा टाका पुढून आणि मागून सारखाच दिसतो. गाठ कुठेही सापडणार नाही. मध्यभागी हात उंचावलेली एक बाई आहे, तिच्या दोन्ही बाजूंना पक्षी, खाली घोडे. व्लादिमीर स्तासोव या समीक्षकाने 1872 साली रशियन लोकनक्षीवर मोठा ग्रंथ काढला आणि अशा भरतकामांकडे शहरातल्या विद्वानांचं लक्ष वेधलं. पुढे 1926 साली वासिली गोरोद्त्सोव हा पुरातत्त्वज्ञ या बाईमध्ये ख्रिस्तपूर्व काळातली देवी बघेल. पंडितांचा तो वाद अनेक दशकं चालणार आहे.

घरातल्या आजीला, बाबुश्काला, विचारा. ती म्हणते, "माझ्या आईने असंच काढलं होतं. टाके मोजून घे, चुकू नकोस, एवढंच ती सांगायची."

हा पट्टा जन्मभर माणसासोबत असतो. मूल जन्मलं की तो लागतो. लग्नात नवरी सासरच्या माणसांना असे पट्टे देते, वऱ्हाडातल्या माणसांच्या खांद्यांवर ते बांधले जातात. अंत्ययात्रेतही तो असतो. म्हणून मुलगी लहान असतानाच तिच्या पेटीत पट्टे साठू लागतात, आणि लग्नाच्या वेळी पेटी उघडली की तिच्या हाताचं काम साऱ्या गावापुढे येतं.

बाकावर एक पांघरूण पडलं आहे, तुकडे जोडून केलेलं. गोधडी ओळखणाऱ्या माणसाला त्याबद्दल वेगळं सांगायला नको: कुणाचा सदरा कुठे गेला, कुणाचा परकर कुठे संपला, हे घरातली बाई बोट ठेवून सांगू शकते.

कापड उगवतं तेव्हा

इथे थांबा, वर्षभर. चिंधीचं मोल कळायला वर्ष लागतं.

तुम्ही ज्याची चटणी खाता ते जवस आणि हे जवस एकच. विदर्भात ते बियांसाठी पेरतात. इथल्या उत्तरेकडच्या थंड, ओलसर हवेत त्याचं खोड उंच आणि बारीक वाढतं आणि त्या खोडात लांब तंतू तयार होतात. मे महिन्यात पेरणी होते. जुलैत शेतावर निळी फुलं येतात, दुपारपर्यंत गळतात. ऑगस्टमध्ये पीक निघतं, आणि विळा घरीच राहतो. कापलं तर तंतूची लांबी वाया जाते, म्हणून झाड मुळासकट उपटायचं, मूठ मूठ करत. तुमचे तळहात पहिल्याच दिवशी सोलवटतात. शेजारची दहा वर्षांची मुलगी तुमच्या दुप्पट वेगाने पुढे जाते.

मग बोंडं झोडून बी वेगळं करायचं आणि काड्या गवतावर पसरून काही आठवडे दवात ठेवायच्या. दवाने आणि बुरशीने खोडातला चिकट भाग कुजतो, तंतू सुटतो. दिवस कमी पडले तर तंतू सुटत नाही, जास्त झाले तर तंतूच कुजतो. केव्हा उचलायचं हे बायका काडी मोडून, बोटांत चोळून ठरवतात. त्यानंतर काड्या शेकून वाळवायच्या, लाकडी यंत्राखाली मोडायच्या, पात्याने झोडपून भुसा पाडायचा आणि फणीने विंचरायच्या. खोलीत धुळीचा लोट उठतो, घसा खवखवतो. एवढं सगळं झाल्यावर हातात येतो तो करडा, केसांसारखा लांब जुडगा. फणीत राहिलेला भरड तंतूही फेकत नाहीत. त्याची जाड पोती होतात, आणि थोडा बाहुल्यांच्या डोक्यात भरला जातो.

नोव्हेंबरपासून सूतकताई. शुक्रवार मात्र पराश्केवा या संत स्त्रीचा. ती सूत कातणाऱ्या बायकांची रक्षणकर्ती आहे, त्यामुळे त्या दिवशी चाती हातात घ्यायची नाही. ख्रिसमसनंतरच्या सणाच्या दिवसांतही संध्याकाळी कताई बंद. बाकी रोज. ईस्टरआधीच्या उपवासकाळात घरात माग उभा राहतो आणि खोलीत चालायला जागा उरत नाही. मार्चमध्ये विणलेलं कापड राखेच्या पाण्यात उकळून बर्फावर पसरतात. ऊन आणि बर्फ मिळून ते पांढरं करतात.

पेरणीपासून इथवर जवळजवळ वर्ष उलटलं. आता कुणी या कापडाचा बोटभर तुकडा खाली टाकला, तर तुम्हीच वाकून उचलाल.

बाहुली वळताना

पुन्हा जानेवारीतली एक संध्याकाळ घेऊ. सणाचे दिवस सरले आहेत, चाती पुन्हा फिरू लागली आहे. बाहेर बर्फ खिडकीच्या कडेपर्यंत चढलं आहे. मोठ्या मुली सूतकताईच्या फळ्या घेऊन एका घरी जमल्या आहेत. फळीच्या आडव्या भागावर बसायचं, उभ्या भागाला तंतूचा जुडगा बांधायचा, डाव्या हाताने तंतू ओढायचा, उजव्या हाताने चाती फिरवायची, असं रात्री उशिरापर्यंत. थोड्या वेळाने मुलं येतील, अकॉर्डियन वाजेल, गाणी होतील. ज्यांना अजून तिथे जाण्याचं वय नाही त्या घरी आजीपाशी आहेत, आणि आजीने चिंध्यांची पिशवी उघडली आहे.

बसा त्यांच्यात. हा घ्या जुन्या सदऱ्याच्या घेराचा तुकडा. नवं कापड बाहुलीला देत नाहीत, आणि जुनं धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं असतं की वळायला तेच बरं. कात्री शोधू नका. टोकाला दातांनी चीर द्या आणि हाताने सरळ फाडा, कापड आपल्या धाग्यावर बरोबर फाटतं.

आता चौकोनाची घट्ट गुंडाळी करा. आणखी घट्ट, उभी ठेवली तर उभी राहिली पाहिजे. हे अंग. भरड तंतूचा गोळा करून तिच्या टोकावर ठेवा, त्यावर पांढरा चौकोन टाका, सुरकुत्या मागे ओढा आणि मानेला धागा आवळा. चौकोनाची दोन टोकं बाजूंना उरली, त्यांना मनगटाशी धागा बांधा, हात झाले. कमरेभोवती छापील कापडाची पट्टी उलटी ठेवून बांधा आणि खाली सोडा, घागरा झाला. वर एप्रन. छातीवर धागा आडवातिडवा ओढा. शेवटी डोक्याला रुमाल. अविवाहित मुलगी असेल तर तंतूची एक वेणी पाठीवर सोडा, लग्न झालेली असेल तर केस पूर्ण झाका. तिच्या पोशाखावरून तिचं वय आणि गावातलं स्थान कळलं पाहिजे.

"धागा सैल आहे," आजी तुमच्या हातातली बाहुली दाबून बघत म्हणते. "उद्या नात तिला घेऊन पळेल तेव्हा डोकं हातात येईल. सोडा आणि पुन्हा बांधा."

तुम्ही पुन्हा बांधता. मग विचारता, हिला चेहरा का नाही?

आजीला प्रश्नाचा रोख कळत नाही. "बाहुली आहे ती," ती म्हणते आणि पुढची चिंधी उचलते.

आज तुम्हाला याचं तयार उत्तर अनेक ठिकाणी मिळेल: चेहरा दिला तर त्यात दुष्ट शक्ती शिरते. जुन्या संग्रहांत बिनचेहऱ्याच्या बाहुल्या पुष्कळ आहेत हे खरं. पण कोळशाने डोळे काढलेल्या, धाग्याने नाकतोंड भरलेल्या बाहुल्याही आहेत. एकच नियम साऱ्या रशियाला लावता येत नाही. या खोलीत जे दिसतं ते एवढं: नात बाहुल्यांची लग्नं लावते, बारशी करते, त्यांना आजारी पाडते आणि मढं उचलून नेते, गावात जे पाहिलं ते सगळं. येगोर पोक्रोव्स्की या डॉक्टरांनी 1887 साली मुलांच्या खेळांवर मोठं पुस्तक प्रसिद्ध केलं, कारण मुलांचे खेळ ही अभ्यासण्याजोगी गोष्ट आहे असं त्यांना वाटत होतं. मोठी माणसंही या बाहुल्यांकडे बारकाईने बघतात. घागऱ्याची चुणी नीट बसली, धागा घट्ट आला, तर पोरीच्या हातात काम आहे असं समजतात. चांगली बाहुली पेटीत जपली जाते.

बाजारातून आलेला लाल

मेळ्याच्या दिवशी आजीबरोबर बाजारात चला. फिरत्या विक्रेत्याच्या गाडीवर आगीच्या रंगाचं कापड आहे. हे कुमाच, सुती आणि लालभडक. पूर्वी हा रंग मंजिष्ठेच्या मुळांपासून, तेल आणि तुरटीच्या कितीतरी हातांतून काढावा लागे. 1868 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ ग्रेबे आणि लीबरमान यांनी त्या मुळातलं रंगद्रव्य, अलिझारिन, प्रयोगशाळेत तयार केलं, आणि काही वर्षांतच डांबरापासून काढलेल्या लालाने मुळांची शेती बसवली. व्लादिमीर प्रांतातल्या बारानोव घराण्याच्या गिरण्या कुमाचसाठी नावाजलेल्या आहेत. फुलाफुलांची छापील चिटं येतात ती इवानोवोहून, त्या शहरात गिरण्यांची इतकी दाटी आहे की लोक त्याला रशियाचं मँचेस्टर म्हणतात. 1888 साली रेल्वे समरकंदला पोचली आहे, आणि मध्य आशियातला कापूस या गिरण्यांकडे वाहू लागला आहे.

आजी अख्खा वार घेत नाही. तिला फक्त बाहीच्या टोकाला लावायला पट्टी हवी आहे. ती कापताना जी चिरी उरेल, ती बाहुलीच्या रुमालाला जाईल.

शेजारच्या गाडीवर साबण आहे. मॉस्कोतला कारखानदार ब्रोकार स्वस्त साबण विकतो आणि त्यासोबत फुली टाक्याचे छापील नमुने देतो, गुलाबाच्या वेली, द्राक्षं, पोपट. आजीच्या सुनेने साबण घेतला तो अर्धा नमुन्यासाठी. येत्या वर्षांत हे गुलाब रशियाभरच्या पट्ट्यांवर, सदऱ्यांवर उमलतील. आणि शंभर वर्षांनी कुणी तोच गुलाब दाखवून म्हणेल की हा प्राचीन स्लाव्ह काळातला.

सुनेला हा वाद नको आहे. गुलाब तिला आवडला, एवढं तिला पुरतं. हात उंचावलेल्या बाईच्या शेजारी तो बसतो का, हे ती कापडावर धरून बघते. या लोककलेचा जिवंतपणा मला इथे सर्वात जास्त दिसतो. आईचा नमुना ती सोडत नाही आणि बाजारातून आलेलं नवं तिला वर्ज्य नाही. दोन्ही तिच्याच टाक्यातून जातात.

एका रात्रीचं कापड

आता एक रात्र अशी, जिथे तुम्ही फक्त बघायचं.

गुरांमध्ये साथ आली आहे, किंवा पाऊस दडी मारून बसला आहे, किंवा कॉलराची बातमी नदीवरून वर सरकते आहे. अशा वेळी रशिया आणि बेलारूसच्या खेड्यांत गावातल्या बायका एका घरात जमतात. प्रत्येकीने घरून जवसाचा जुडगा आणलेला असतो. संध्याकाळ ते पहाट, एवढ्या वेळात सूत कातायचं, ताणा लावायचा आणि कापड विणून पुरं करायचं. ज्या कामाला एरवी महिने लागतात ते सगळ्यांनी मिळून एका रात्रीत. उजाडताच ते कापड चर्चला किंवा वेशीवरच्या क्रुसाला अर्पण करतात. काही ठिकाणी लोक आणि गुरं त्याच्याखालून जातात. दमित्री झेलेनिन या मानववंशशास्त्रज्ञाने 1911 साली या एका दिवसाच्या कापडांवर आणि एका दिवसात उभारलेल्या चर्चवर स्वतंत्र निबंध लिहिला.

या कापडावर भरतकाम नाही, त्याला वेळच नसतो. रंगही नाही. तरी गाव त्याच्यासमोर वाकतं, कारण त्यात प्रत्येक घराचं सूत आहे. सगळ्या प्रवासात मला सर्वात सुंदर वाटतं ते हे कापड.

मॉस्को, 1920 चं दशक

चाळीस वर्षं पुढे या. मधल्या काळात कांदिन्स्की चित्रकार झाला, पहिलं महायुद्ध झालं, झारचं राज्य गेलं. मॉस्कोच्या प्रेचिस्तेंका रस्त्यावर एका जुन्या हवेलीत मुलांची झुंबड आहे. हे खेळण्यांचं संग्रहालय, निकोलाय बार्त्राम या चित्रकाराने 1918 साली स्थापन केलेलं. क्रांती आणि यादवीच्या धामधुमीत, उपासमारीच्या काळात, एका माणसाला वाटलं की शेतकऱ्यांच्या पोरींच्या चिंध्यांच्या बाहुल्या आणि लाकडी घोडे जपायला हवेत.

काचेआड एक बाहुली आहे. घट्ट गुंडाळी, पांढरा चौकोन, छापील घागरा. तिचा धागा अजून सुटलेला नाही.

1931 साली बार्त्राम गेले आणि त्याच वर्षी हा संग्रह झागोर्स्कला, म्हणजे आजच्या सेर्गियेव पोसादला हलवण्यात आला. खेळण्यांसाठी ते गाव आधीपासून प्रसिद्ध होतं. संग्रह आजही तिथे आहे.

31 डिसेंबर 1935

एक मुक्काम अजून. मॉस्कोतल्या एका मोठ्या घरात आता अनेक कुटुंबं राहतात, प्रत्येकाला एक खोली, स्वयंपाकघर सामाईक. गेली काही वर्षं नाताळच्या झाडावर सरकारी रोष होता. तीन दिवसांपूर्वी, 28 डिसेंबरला, 'प्रावदा' या वृत्तपत्रात पावेल पोस्तिशेव या कम्युनिस्ट पक्षनेत्याचं पत्र छापून आलं: मुलांना नववर्षाचं झाड परत द्या. आणि आज रात्री नववर्ष आहे. दुकानात सजावट मिळेल न मिळेल, टेबलावर मात्र कापूस, तार आणि पिठाची खळ तयार आहे.

तारेचा सांगाडा करा. त्याच्यावर कापसाच्या पट्ट्या गुंडाळा, धाग्याने आवळा, खळ लावा, पुन्हा गुंडाळा. वाळलं की रंग द्या आणि अभ्रकाचा चुरा भुरभुरवा, तो दिव्यात हिमकणांसारखा चमकतो. असे कापसाचे दागिने झारच्या काळातही झाडावर असत. आता त्यांत कानटोपीतला पोरगा येतो, नमद्याचे बूट घातलेली मुलगी येते, नक्षीदार डगल्यातली स्नेगूरोच्का, म्हणजे हिमकन्या, येते. हिमकन्येची लोककथा अलेक्सान्द्र ओस्त्रोव्स्कीच्या 1873 च्या नाटकाने रंगमंचावर आणली, चित्रकार वास्नेत्सोवच्या वेषभूषेने तिला रूप दिलं, आणि तिथून ती झाडाखाली येऊन उभी राहिली.

खळीने चिकट झालेल्या बोटांना आठवतं आहे का? गाभा, गुंडाळी, आवळलेला धागा. वोलोग्दाच्या आजीने हेच शिकवलं होतं. सामान बदललं, सण बदलला, सरकार बदललं. हाताची रीत तीच राहिली.

आणि आज

आज रशियन लोककलेच्या नावाने कापडी दागिने जगभर बनतात: लाल धाग्याने भरलेले जवसाच्या कापडाचे पक्षी, गुंडाळलेल्या छोट्या बाहुल्या, सुगंधी पानं भरलेल्या पुरचुंड्या, फितींनी मढवलेली वेढणी. उत्तरेतल्या घरांत छताला टांगला जाणारा लाकडी चिपांचा पक्षी आता कापडातही उतरला आहे. मराठी घरांत ही नक्षी अगदी अनोळखी नाही. सोव्हिएत प्रकाशनांनी मराठीत आणलेल्या रशियन बालकथांच्या चित्रांतून आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी ती पाहिली आहे.

या दागिन्यांसोबत अनेकदा एक चिठ्ठी येते: ही हजार वर्षं जुनी रक्षक बाहुली, ही धनाची, ही इच्छापूर्तीची. अशा नावांच्या बऱ्याच बाहुल्या जुन्या संग्रहांत आणि नोंदींत सापडत नाहीत. विसाव्या शतकाच्या अखेरीस हस्तकलेच्या मंडळांतून त्यांना आजचं रूप मिळालं. त्या करणाऱ्यांचे हात खरे आहेत आणि त्यांची माया खरी आहे. नवी बाहुली नवी म्हणून द्यायला काहीच हरकत नसावी. पण खोटं वय चिकटवलं की ज्या आजीने खरोखर बाहुली वळली तिचं काम झाकलं जातं. तिच्या हातून आलेल्या गोष्टीला मंत्राची गरज नव्हती. जवस उपटणारे तळहात, दवावर लक्ष ठेवणारी नजर, बर्फावर पांढरं झालेलं कापड आणि त्यातली शेवटची चिरीसुद्धा वाया न घालवणारी समज, एवढं त्यात होतं. ते पुरेसं आहे.

म्हणून तुम्ही असा दागिना विकत घेणार असाल तर विक्रेत्याला तीन प्रश्न जरूर विचारा: कापड कुठलं, हात कुणाचा, आणि नमुना कुठल्या प्रदेशातून घेतला? सरळ उत्तर देणाऱ्याला पूर्ण किंमत द्या, घासाघीस करू नका. आणि स्वतः करणार असाल तर नवं कापड आणू नका. घरातला सर्वात जास्त धुतलेला सदरा किंवा साडी काढा, हाताने फाडा, घट्ट गुंडाळा. चेहरा द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. धागा मात्र सैल सोडू नका.